न मोडलेली भाकरी

कॅप्टन मिलुतिनने कॉफीचा पेला हाताच्या पाठीने हलकेच दूर सारला.

"नको, घरधनी. पोट बिघडलंय."

पाश्कने तो पेला उचलला आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्वतः रिकामा केला. कॉफीत काही नाही, एवढं तरी या माणसाला दिसू दे. कॅप्टनने पाहिलं आणि नकाशा उलगडायला घेतला.

कमरेचं पिस्तूलही त्याने दिलं नव्हतं. या डोंगरात पाहुणा दारात आला की घरधनी त्याचं हत्यार घेऊन भिंतीवर टांगतो, मग मीठ-भाकरी पुढे करतो. एकदा भाकरी मोडली, किंवा घरचं घोटभर काही प्यालं, की पाहुणा त्या घराचा. त्याने घरावर हात उगारायचा नाही; आणि परतीच्या वाटेत त्याला कोणी मारलं, तर त्याच्या रक्ताचा सूड घरधन्याने घ्यायचा, मारणारा कोणी का असेना. जो भाकरी मोडत नाही, तो आपले हात मोकळे ठेवतो.

कशासाठी?

राजधानीत, तिरानात, दोन सरकारांचा करार झाला होता. पलीकडचं राज्य मोठं, त्याच्याकडे तोफा. अल्बानियाकडे सह्या करणारे मंत्री. डोंगरावरचं पाणी ज्या देशाकडे उतरतं, तो उतार त्या देशाचा, असं करारात लिहिलेलं. पलीकडच्यांच्या नकाशात मात्र सीमेची रेघ गावच्या झऱ्याखालून गेली होती. म्हणजे झरा त्यांचा. गावाला संधी एकच होती: त्यांचा अधिकारी येऊन जागा पाहील, वाटलं तर रेघ दुरुस्त करील आणि गावच्या मुखियाने त्यावर अंगठा उठवायचा. अंगठा नसेल तर जुना नकाशा कायम.

मुखिया पाश्क होता. दुसरं पाणी गावाला नव्हतं.

कॅप्टनने आपले शिपाई खाली पुलावरच ठेवले आणि एकटा वर आला. सकाळभर तो उतारावर हिंडला, पाणी कुठे झिरपतं ते गुडघे टेकून पाहिलं. मग झऱ्याच्या वर, चांगलं वर, त्याने स्वतःच्या हाताने खांब ठोकला. घासाघीस नाही, मागणं नाही. झरा गावाचा.

खांब ठोकला जात होता तेव्हा पाश्कचा धाकटा भाऊ मेहिल त्याच्या कानाशी लागला. "दादा, बाजारातल्या त्या दाढीवाल्या व्यापाऱ्याने आपल्याला खेचर अर्ध्या किमतीत दिलं होतं, आठवतंय? आठवड्यात मेलं."

आठवत होतं.

दूध आणलं. नको.

पनीर, मध. नको. आज उपास आहे, म्हणाला. पलीकडचे लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात. आज मंगळवार होता. शिवाय मघाशी पोट बिघडलं होतं, ते आता कुठे गेलं?

पाश्कची बायको प्रेंदा ताट परत नेताना चुलीपाशी पुटपुटली, की माझ्या हातचं तुमच्या आईनेसुद्धा मुकाट्याने खाल्लं, आणि तिला माझं काहीच आवडत नव्हतं.

मग मेहिल धापा टाकत आला. कॅप्टन अक्रोडाच्या झाडामागे उभा राहून खिशातलं कोरडं बिस्कीट खात होता. अधाशासारखं, म्हणाला मेहिल, दोन दिवसांच्या भुकेल्यासारखं. आणि पुलावरचे शिपाई दुर्बीण लावून सतत याच घराकडे बघताहेत. कसल्या तरी खुणेची वाट बघत असणार.

पाश्कने पाद्रीबाबांना बोलावून कागद वाचून घेतला. बाबांनी एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. कागद स्वच्छ आहे, म्हणाले, करारात लिहिलंय तेच यात आहे. दोष सापडला असता तर पाश्कला बरं वाटलं असतं. दोष नव्हता, म्हणूनच त्याचा संशय वाढला.

संध्याकाळी पाहुण्यांच्या खोलीत, शेकोटीसमोरच्या बुटक्या मेजावर कॅप्टनने नकाशा पसरला. शाईची डबी उघडली.

"अंगठा, घरधनी. मला अंधाराच्या आत पूल गाठायचाय."

पाश्कने प्रेंदाला हाक मारली. तिने मक्याची गरम भाकरी आणि मीठ आणून नकाशावरच ठेवलं.

"एक घास खा," पाश्क म्हणाला. "एकच. मग दहा अंगठे उठवतो."

कॅप्टन भाकरीकडे बघत राहिला. वाफ त्याच्या तोंडावर जात होती. त्याने आवंढा गिळलेला मेहिलला स्पष्ट दिसला.

"खाता येणार नाही."

"का?"

"ते विचारू नका. अंगठा उठवा आणि मला जाऊ द्या. खांब योग्य जागी आहे, हे तुम्हालाही माहीत आहे."

"माझ्या घरची भाकरी ज्याला चालत नाही," पाश्क म्हणाला, "त्याचा खांबही मला चालत नाही."

"घरधनी, विचार करा."

"केला. दिवसभर तेच केलं."

मेहिल दारात जाऊन उभा राहिला. आता कॅप्टन पिस्तुलाला हात घालणार, असं दोघा भावांनाही वाटलं.

कॅप्टनने भाकरी अलगद उचलून बाजूला ठेवली. नवी रेघ काढलेला नकाशा घडी करून शेकोटीत टाकला. खिशातून जुना काढला आणि त्याच्या कोपऱ्यात लिहिलं: दुरुस्ती गावाला अमान्य. लिहून झाल्यावर त्याचे खांदे सैल पडले. ओझं उतरलेल्या खेचरासारखा तो लांब श्वास घेत बसला. मग त्याने कमरेचा पट्टा सोडला आणि पिस्तुलासकट पाश्कच्या हातात दिला.

"वहिनी, आता वाढा," तो म्हणाला. "झरा तुम्हाला देऊन खाली गेलो असतो तर वरच्या हुकुमाने माझ्याच शिपायांनी पुलावर मला गोळी घातली असती, आणि माझ्या रक्तासाठी या घराला एका अख्ख्या सैन्याशी लढावं लागलं असतं. आता मला कोणी मारणार नाही."