डाव्या सीटचा पट्टा

रुपराव मिस्त्रीने गाडीच्या डाव्या दरवाजावर बोटाची पेरं आपटली आणि कान लावला. मग मागच्या दरवाजावर आपटली. आवाज वेगळा आला.

"पुट्टी भरून आहे गा हिच्यात," तो अमोलला म्हणाला. पारशिवनीच्या अमोलला ही गाडी विकत घ्यायची होती. तपासायला म्हणून त्याने गावचा हा जुना डेंटर सोबत आणला होता.

"पार्किंगमध्ये घासली होती जराशी," गाडीचा मालक पुष्कर म्हणाला. धरमपेठेतल्या त्याच्या घराच्या फाटकाशी गाडी उभी होती. त्याची बायको भैरवी चहाचा ट्रे घेऊन नुकतीच बाहेर आली होती.

रुपरावने दरवाजाचं रबर उपसून आतला खांब पाहिला. वेल्डिंग नवं होतं. मग तो पुढच्या डाव्या सीटवर बसला आणि सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढला. वरच्या कडीपाशी पट्टा वितळल्यासारखा चकचकीत झाला होता.

"घासली नाही साहेब, जोरात ठोकली आहे. अन् या सीटवर माणूस बसून होता. अंगाचा झटका बसल्याबिगर पट्टा असा होत नाही. त्याले लागलं असन. इथं, डाव्या खांद्याले."

भैरवीने ट्रे बोनेटवर ठेवला.

दोन वर्षांपूर्वी तिच्या सासूबाई, ताराबाई, बाथरूममध्ये घसरून पडल्या होत्या. निदान पुष्करने सगळ्यांना तसं सांगितलं होतं. त्या सकाळी भैरवी कपडे धुऊन, फरशी तशीच ओली ठेवून शाळेत शिकवायला गेली होती. ताराबाईंच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं, चार बरगड्या मोडल्या, आणि तीन आठवड्यांनी त्या गेल्या. गाडी तेव्हा सर्व्हिसिंगला होती म्हणे. दवाखान्याच्या धावपळीत भैरवीने त्याबद्दल काही विचारलंही नव्हतं.

नणंद मुग्धाने त्यानंतर या घरात पाऊल टाकलं नाही. भैरवी अजूनही रोज सकाळी गुडघ्यांवर बसून बाथरूमची फरशी कोरडी करत असे. ताराबाईंनी मात्र तिला कधी बोल लावला नव्हता. भेटायला येणाऱ्यांना त्या खाटेवरून सांगत, "जाऊ द्या, तिने मुद्दाम थोडंच केलं." भैरवी त्यांना चमच्याने पेज भरवायची आणि मनातल्या मनात त्यांच्या पाया पडायची.

अमोलने गाडी नको म्हणून सांगितलं. दोघं चहा न घेताच गेले.

"आई होत्या ना गाडीत?" भैरवीने विचारलं.

पुष्कर फाटकाची कडी लावत होता. लागलेली कडी त्याने पुन्हा काढली, पुन्हा लावली.

"रामटेकहून परत येत होतो. मी फोनवर होतो. पोलीस केस झाली असती. नोकरीही गेली असती."

"आणि ओल्या फरशीचं कसं सुचलं तुला?"

"मला नाही सुचलं."

तो अजून तिच्याकडे पाहत नव्हता.

"आईच बोलली, दवाखान्याच्या दारात. म्हणाली, फरशी ओली होती असं सांग. भैरवीला मी माफ करून टाकीन."