चंपतरावांची चिंच

कामरगावच्या चंपतरावांनी मुलीच्या जन्माच्या साली पसरट कुंडीत चिंचेचं बोन्साय लावलं. मुलगी साधना कॉलेजात गेली, चिंच मात्र वीतभरच राहिली. फांद्यांना तार गुंडाळून, मुळं छाटून त्यांनी तिला बांधावरच्या म्हाताऱ्या चिंचेचं रूप दिलं होतं. गावातले लोक हसायचे, "चंपत, तुयं झाड वाढून काहून नाही राह्यलं?"

यंदा कारंज्याच्या कलाप्रदर्शनात चित्रं आणि मूर्तींच्या शेजारी पहिल्यांदाच त्यांच्या चिंचेला जागा मिळाली. साधनाला घेऊन ते सकाळपासून टेबलाजवळ उभे होते.

उद्घाटनाच्या पाहुण्यांची गाडी आली, पण स्वागताचं रोप नर्सरीतून आलंच नव्हतं. संयोजकानं घाईघाईत टेबलावरची चिंच उचलली आणि पाहुण्यांच्या हातात दिली.

चंपतराव पुढे धावले. "भाऊ, ते नका देऊ, ते..."

"थांबा ना काका," संयोजक हळूच म्हणाला, "तुमच्याच झाडाचा मान होऊन राह्यला."

टाळ्या वाजल्या. पाहुणे भारावले. "झाडाला असं कोंडून ठेवू नये," म्हणत ते अंगणात गेले, खड्डा खणायला लावला आणि कुंडीतून उपटून चिंच स्वतःच्या हातानं जमिनीत लावली. पाणी घालायला माइकवरून चंपतरावांनाच बोलावलं. साधनानं बापाचा हात घट्ट धरला होता. तो सोडवून ते गेले आणि सगळ्यांसमोर त्यांनी पाणी घातलं.

 

पाहुण्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, "आता बघा काका, कशी आभाळाला टेकते ते!"