तुळईची कंबर

त्या काळी आमच्या ऑफिसात इंजिनिअर म्हणून मी एकटीच बाई होते. पोलादी इमारतीचं काम चालू होतं. जिथे तुळई खांबाला जोडायची, त्याच्या जरा अलीकडे मी तिच्या दोन्ही कडा गोलाईत कापायला लावल्या होत्या. ते पाहून इमारतीचे मालक तावातावाने माझ्यासमोर उभे राहिले.

"बाई, हा काय फ्रॉक आहे कंबर काढायला? चांगलं जाड लोखंड आणून दिलं, तर तुम्ही ते कातरत बसलात!"

"साहेब, भूकंपात काहीतरी वाकणारच. इथे तुळई वाकली तर जोड वाचेल. जोड तुटला तर अख्खा मजला खाली येईल."

"माझी इमारत वाकायची नाही."

"मग नकाशावर सही दुसऱ्या कुणाची तरी घ्या."

पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, पण कंबर राहिली.

मी निवृत्त झाल्यावर एका दुपारी मोठा भूकंप झाला. संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज अजून तसाच खणखणीत होता.

"तुम्ही कापलीत, नेमकी तिथेच वाकली आहे प्रत्येक तुळई! दारं अडकली, लाथा घालून बाहेर पडलो आम्ही! पार वाट लावलीत इमारतीची!"

"सगळे बाहेर पडलात?"

"सगळे! पण इमारत गेली ना माझी!"

"मग ओरडा, साहेब," मी म्हणाले. "मनसोक्त ओरडा. तुम्हाला ओरडता यावं म्हणूनच कापल्या होत्या."