बाकाखालची बाटली
एका शाळेतील हत्याकांडावर बेतलेल्या मालिकेला त्याच प्रकरणाचा निवृत्त तपास अधिकारी सल्लागार म्हणून लाभला होता. चित्रीकरणात बाकाखालच्या मृत मुलाशेजारी पाण्याची भरलेली बाटली दिसताच त्याने ती ओतून रिकामी केली. “साहेब, एवढं बारीक कोण बघतंय?” दिग्दर्शक हसला. “पंचनाम्यात रिकामी आहे. पुराव्याशी खेळायचं नसतं.” भाग प्रसारित झाला, त्याच संध्याकाळी त्या मुलाच्या आईचा फोन आला. गोळी लागताक्षणीच मुलगा गेला, त्याला काहीच कळले नाही, असे तिला तेव्हा अधिकाऱ्यानेच सांगितले होते. “शाळा भरताच गोळीबार झाला ना, साहेब?” “हो, ताई.” “आणि बाटली खरंच रिकामी सापडली?” “पंचनाम्यात तसंच आहे,” तो सवयीने म्हणाला. “मी काठोकाठ भरून दिली होती,” आई म्हणाली. “ती संपवायला त्याला दुपार व्हायची.”