भावोजींचा नवा हात

कारखान्यातल्या अपघातात भावोजींचा उजवा हात गेला, तेव्हा ताईने माझ्याकडेच शब्द टाकला. मऊ जेलचे स्नायू असलेले रोबोटी हात बनवणं हेच माझं काम. नव्या हाताने भावोजी शर्टाची बटणं लावू लागले, अंडंसुद्धा न फोडता उचलू लागले.

महिन्याभरात दोघं प्रयोगशाळेत आले. "हात झकास आहे गं, पण मध्येच लुळा पडतो," भावोजी कुरकुरले.

"फळीवरचा डबा काढताना?" मी विचारलं.

"छे, तेव्हा ठीक असतो. झटक्यात वर नेला की गळतो."

मी ताईकडे पाहिलं. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच तिच्या गालावर वळ नव्हता.



"उगारला की, असं म्हणा भावोजी. तो बिघाड नाही, मी मुद्दाम तसाच बनवलाय."