आधी भाकरी, मग उत्तर

पुंडलिकनगरातल्या फ्लॅटमध्ये मोनिकानं मोबाइल उशीला टेकवून व्हिडिओ सुरू केला आणि आजीला विचारलं, "तू शाळकरी होतीस तेव्हा मराठवाडा महाराष्ट्रात घालायचा की त्याचं वेगळं राज्य करायचं, असं चाललं होतं ना? तुमच्या गावाला काय पाहिजे होतं?"

वच्छलाबाई उठल्या, भर दुपारी तवा ठेवून भाकरी थापल्या आणि ठेच्यासकट फडक्यात बांधून दाराशी ठेवल्या.

"हे काय गं, आज्जी?"

"निजामाच्या वक्ताला माझ्या बापाला कुणीतरी असंच इचारलं, राज कुणाचं पाहिजे म्हणून. त्यानं खरं सांगितलं, अन् सांजच्याला घर पेटलं. उपाशीपोटी पळालो बाई आम्ही. तवापासून गावात रीतच पडली. राज्याचा सवाल आला की आधी भाकरी बांधायची, मंग तोंड उघडायचं."

मोनिका खदखदून हसली. "तो जमाना गेला, आज्जी. आता कोण येतंय घर पेटवायला? बोल बिनधास्त."

आजी बोलली. दाराकडं बघत बघत, गावाला काय वाटत होतं अन् तिला स्वतःला काय वाटत होतं, सगळं बोलली. मोनिकानं व्हिडिओ लगेच नेटवर टाकला.

चहा उकळेस्तोवर व्हिडिओखाली शिव्यांचा ढीग पडला होता. त्यात एकानं विचारलं होतं, "म्हातारी राहते कुठं?" आणि दुसऱ्यानं त्यांच्या अपार्टमेंटचं नाव लिहिलं होतं.

मोनिकानं दाराला आतून कडी घातली.



"आज्जी," तिनं हळूच विचारलं, "भाकरी दोघींपुरती बांधलीस ना?"