उसवलेली चित्रं

कोर्बिनियन दालनाच्या दारातच थांबला. वाल्बुर्गाने हात धरून ओढलं, तशी त्याने चौकट घट्ट पकडली.

"आत तो आहे," तो म्हणाला.

"आत तुझी चित्रं आहेत. लोक तुझ्यासाठी आलेत." आणि त्याला तिथेच सोडून ती पुढे गेली.

मनोरुग्णालयातला तिचा हा धाकटा भाऊ चित्र काढायचा, कागदाची घडी घालायचा आणि कडा काळ्या दोऱ्याने शिवून टाकायचा. आत काय आहे, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. त्याची कायदेशीर पालक तीच. प्रदर्शन भरवणाऱ्या फ्रीडेरिकेबाई परवानगी मागायला आल्या, टाके उसवावे लागतील म्हणाल्या, तेव्हा तिने हसून मान डोलावली होती.

पहिल्याच चित्रापाशी ती थांबली.

वडील. भुवईवर तोच व्रण, मुठीला तसाच गुंडाळलेला पट्टा. मागे कपाटाचं दार किंचित उघडं, आणि फटीत डोळ्यांच्या दोन जोड्या. त्यातली एक तिची. त्या कपाटाबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती. नवरा गेला, त्यालाही ते कधी कळलं नाही. तिने भिंतीवरून नजर फिरवली. प्रत्येक चित्रात तेच, लख्ख दिव्यांखाली. कागदांच्या कडांना सुईची भोकं तेवढी उरली होती.

"काय निरागस हात आहे बघ," शेजारी वाइनचा पेला धरलेला एक गृहस्थ बायकोला म्हणाला.

वाल्बुर्गाला वाटलं, मागे कुणीतरी उभं आहे. तिने झटकन मागे वळून पाहिलं. मागे फ्रीडेरिकेबाई होत्या; दोन शब्द बोलाल का, असं विचारत होत्या.

चित्रं उतरवा, असं ती कशीबशी म्हणाली. बाई चिडल्या नाहीत. चित्रं इथून झुरिकला जाणार होती, तिथली तयारी झाली होती, हे त्यांनी हळुवारपणे समजावलं.

"त्याला विचारलंत तुम्ही?"

"तुम्ही हो म्हणालात ना?"

वाल्बुर्गा दाराकडे गेली. कोर्बिनियन चौकटीला तसाच चिकटून होता, बोटं पांढरी पडलेली. त्याला रुग्णालयात परत न पाठवता तिने आपल्या घरी नेलं.

बाहेर अजून उन्हं होती. तिने दाराला कडी घातली, मग वरचा बोल्टही लावला. वडील कधीचे पुरले गेलेत, स्वतःच्या हाताने माती टाकली आपण, असं मनाशी म्हणत ती तिथेच उभी राहिली.

मागून घासल्याचा आवाज आला. कोर्बिनियन स्वयंपाकघरातलं जेवणाचं टेबल दाराकडे ओढत होता. उंबऱ्यावर टेबलाचा पाय अडकला. त्याने दचकून तिच्याकडे पाहिलं.

"रागावू नकोस, वाली."

वाल्बुर्गाने पर्स खाली ठेवली आणि टेबलाची दुसरी बाजू उचलली.